रिकाम्या डेकवर रुमाल

मंडळी, आम्ही दोघं अमेरिकेतल्या ट्रॉयहून कॅरिबियन क्रूझवर आलोय. जहाज जुनं आहे, वॉटर स्लाइड वगैरे काही नाही, त्यामुळे लहान मुलांवाले फिरकत नाहीत. सगळे आमच्यासारखे रिटायर्ड.

पहिल्या दिवसापासून माझा नवरा दिलीप सकाळी डेकवरच्या दोन खुर्च्यांवर रुमाल टाकतो. एसटीच्या खिडकीतून सीटवर टाकायचा, तसाच. मग आम्ही पाळीपाळीने नाश्त्याला जातो. एकाने खायचं, दुसऱ्याने जागा सांभाळायची.

आज मी खाऊन वर आले, तर दिलीपसमोर डेक पुसणाऱ्या बाई उभ्या. अगदी अदबीने विचारत होत्या, "सर, तुमच्याबरोबर अजून कोणी येणार आहे का?"

"नाही, आम्ही दोघंच. पण जागा गेली तर?"

बाईंनी वळून मागे पाहिलं. आम्हीही पाहिलं. साठेक खुर्च्या असतील. एक पेपर वाचणारे आजोबा सोडले तर सगळ्या रिकाम्या.

दिलीपने रुमालाची घडी करून खिशात टाकली. मी म्हटलं, "चल, तू खा, मी चहा घेते."

चार दिवसांत पहिल्यांदाच नाश्त्याला एका टेबलावर बसलो. मी साखरेची पुडी न फोडताच चहाचा घोट घेतला, तर तो बघतच राहिला.

"तू साखर कधी सोडलीस?"

"झाली की तीन वर्षं."

त्यावर तो बराच वेळ टोस्टला लोणी लावत बसला.

खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत, तिथेच बसून हे लिहितेय. तुमच्याकडे दोघं एका वेळी खायला बसता, की तुमचंही पाळीपाळीनेच चाललंय?