ओ देईना

सर्वर अडला की अक्का पदर खोचून संगणकाच्या पडद्याकडे कान करायच्या. डोळे नव्हे, कान. "थांबा, हाक मारते," म्हणायच्या.

हुमनाबादच्या कारखान्यांच्या वसाहतीत आमचं गोदाम आहे; त्याच्या ऑफिसात अक्का आणि मी. लॉरी भरली की गेटपास लागतो आणि तो बंगळुरूच्या सर्वरवरून निघतो. सर्वर तिकडं रुसतो, शिव्या इकडं आम्ही खातो. अशा वेळी अक्का पडद्यावर काळी खिडकी उघडून 'पिंग' आणि पुढं सर्वरचा पत्ता टाइप करायच्या. पलीकडं कुणी आहे का, एवढंच त्यात विचारलेलं असतं. उत्तर आलं तर "ओ दिली", नाही आलं तर "ओ देईना". ड्रायव्हर लोकांनाही ही भाषा पाठ झाली होती. "अक्का, ओ दिली का?" असं ते खिडकीतून, जेवण झालं का विचारावं तसं विचारायचे.

पहिली हाक बहुतेक वाया जायची. का, ते मला आजही नीट सांगता येणार नाही. अक्कांचं उत्तर तयार असे. "पहिल्या हाकेला ओ देऊ नये, असं शिकवलंय त्याच्या आईनं." मधूनच त्या सर्वरला कन्नडमध्ये दटावायच्या. मी हसलो की म्हणायच्या, "बंगळुरूचा हाय तो. मराठी कामून कळंल त्याला?"

मग बिलांसाठी दुसरा एक सर्वर आला. त्याला किती हाका मारल्या तरी उत्तर नाही. तो मेला म्हणून मी साहेबांना फोन लावायला निघालो, तर अक्कांनी हातातून फोनच काढून घेतला.

"ओ देईना म्हंजे न्हाई असं न्हाई. काहींना ओ द्यायची बंदीच असती. आत गुमान काम करायलेत."

आणि बिलं खरंच निघाली. पुढं आठवडाभर त्या मला चिडवत होत्या, की जित्याला मेला म्हणतो हा.

गेल्या उन्हाळ्यात आपल्या गावाहून, राजेश्वरहून, कामावर येताना बसमध्येच अक्कांच्या डोक्यातली नस फुटली. त्यांना कलबुर्गीला नेलं. ऐकू येतंय की नाही ते सांगता येत नाही, पण बोलत राहा, असं डॉक्टर म्हणाले. बोलायला घरचं माणूस एकच, म्हातारे वडील, अप्पा.

मी गेलो तेव्हा ते स्टुलावर, खाटेला टेकून बसले होते. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. लेकीला ते लाडानं अव्वा, म्हणजे आई, म्हणत. "अव्वा, ए अव्वा," एवढंच चाललं होतं. मला बघून म्हणाले, "सकाळधरनं हाका मारायलोय. आता तुमी मारा. हापिसातलं कायतरी बोला."

मी वाकून म्हणालो, "अक्का, सर्वर बंद पडलाय. लॉऱ्या थांबल्यात."

पापणीसुद्धा हलली नाही. मी पुन्हा म्हणालो, जरा मोठ्यानं. रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मला काहीच वाटत नव्हतं. सलाइनची नळी कुठं वळलीय ते मी बघत राहिलो. अप्पा माझ्या तोंडाकडं बघत होते, म्हणून म्हणालो, "अप्पा, ओ देईना म्हंजे न्हाई असं न्हाई."

"व्हय? डॉक्टर म्हनले का?"

"अक्काच म्हणतात."

अप्पांना ते पटलं. त्यांनी स्टूल आणखी पुढं ओढलं आणि पुन्हा हाका मारायला लागले.

राजेश्वरला अक्कांच्या मातीला जाऊन आलो आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. सर्वर अडलेलाच होता. काळी खिडकी उघडून मी हाक मारली, आणि त्यानं पहिल्याच हाकेला ओ दिली. इतका राग मला कधी कुणाचा आला नव्हता.

खिडकीतून एक ड्रायव्हर ओरडला, "आज लगीच ओ दिली की! अक्का कुठं हायत?"

मी गेटपास काढून पुढं केला. त्यानं तो घेतला, पण हलला नाही.

"ओ साहेब, अक्का कुठं हायत?"

मला ओ देता आली नाही.