जावयाने केलेली पीडीएफ

माझ्या सासूबाईंच्या नावावर एक पुस्तक आहे, आणि ते आजवर कोणालाही वाचता आलेलं नाही.

पुस्तक अवघड आहे असं नाही. चिकूच्या पाककृतींचं आहे! बोर्डीला सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, छोटीशी चिकूची वाडी. त्या वाडीतल्या फळाचं सासूबाई काय करत नाहीत ते विचारा. हलवा करतात, बर्फी करतात, सुकवून पूड करतात, लोणचं घालतात, आणि एकदा तर त्यांनी चिकूची भजी केली होती. (मी ती खाल्ली. जावई म्हटल्यावर खावीच लागतात.) २०१६ च्या हिवाळ्यात त्यांच्या महिला मंडळाचा मेळावा ठरला आणि कोणीतरी म्हणालं, "मालूताई, तुमचं एक छोटं पुस्तक काढू या की!"

सासूबाईंची शाळा सातवीत सुटली. त्यानंतर त्यांचं नाव छापून आलं ते फक्त लग्नपत्रिकेत, तेही आधी त्यांच्या वडिलांच्या नावाखाली आणि मग अप्पांच्या नावाच्या शेजारी. त्यामुळे पुस्तकाचं ठरल्यापासून त्या माझ्या बायकोला, वर्षाला, दिवसाआड फोन करून एकच विचारायच्या, "कव्हरवर माझं एकटीचंच नाव येणार ना गं?"

"येणार गं आई. हे करतायत ना!"

'हे' म्हणजे मी. मी तलासरीच्या एका शाळेत मराठी शिकवतो. शाळेत कॉम्प्युटर आले त्या दिवशी स्टाफरूममध्ये दाराजवळ मी बसलो होतो, म्हणून हेडसरांनी खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. एवढंच माझं कॉम्प्युटरचं शिक्षण! पण ही बातमी बोर्डीला पोहोचेपर्यंत मी इंजिनियर झालो होतो. सासुरवाडीत कोणाचा टीव्ही बंद पडला तरी अप्पा म्हणायचे, "थांबा, भास्करराव येतील रविवारी."

सासूबाईंनी पाककृती सांगितल्या, वर्षाने लिहून घेतल्या आणि मी त्या टाइप केल्या. इथवर काही बिघडलं नव्हतं. मग मला सौंदर्यदृष्टीचा झटका आला. वर्षा म्हणाली, "साधा फाँट घ्या ना, सगळ्यांच्या मोबाइलवर असतो तो." पण मी पडलो मराठीचा शिक्षक! मला तो साधा फाँट पोरांनी बाकावर कोरल्यासारखा वाटायचा. शाळेच्या कॉम्प्युटरात एक जुना, वळणदार, पत्रिकेवर शोभेल असा फाँट होता. तो मी घरी आणला आणि अख्खं पुस्तक त्यात सजवलं. मुखपृष्ठावर चिकूचा फोटो आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत सासूबाईंचं नाव. वर्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण मी ते चष्मा पुसतोय असं दाखवलं.

आता फक्त शेवटची पीडीएफ करायची होती. बटण दाबलं, तर कॉम्प्युटर म्हणतो, फाइल सेव्ह होत नाही, ती दुसरीकडे उघडी आहे.

"वर्षा, तू फाइल उघडलीस का?"

"मी पोळ्या लाटतेय!"

मी कॉम्प्युटरचा पडदा बंद करून चालू केला. वायर काढून पुसली. शेजारच्या बँकेतल्या काकांना बोलावलं, त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. शेवटी लक्षात आलं की आधीची पीडीएफ मीच बघत बसलो होतो, आणि उघड्या पीडीएफवर नवी पीडीएफ बसत नाही. ती मिटली तर पुढचा घोळ! सगळे फोटो सरकले. लोणच्याचा फोटो हलव्यावर, हलव्याचा भज्यांवर, आणि अप्पांचा बनियनमधला एक फोटो (तो त्यात कसा आला देव जाणे) 'चिकूची पूड' या मथळ्याखाली. तेही निस्तरलं. अखेर पडद्यावर पुस्तक असं काही उमटलं की मी खुर्ची मागे सरकवून नुसता बघत राहिलो.

व्हॉट्सॲपवर तेव्हा नुकतीच पीडीएफ पाठवता यायला लागली होती. मी ती बोर्डीला पाठवली आणि खाली लिहिलं, 'नीट तपासून कळवा. चूक असेल तर मोकळेपणाने सांगा.'

अप्पांचं उत्तर आलं, 'वा! फारच छान.'

सासूबाईंनी दोन हात जोडलेले पाठवले.

आता बोर्डीला त्या वेळी काय चाललं होतं ते मला फार नंतर कळलं. अप्पांनी मोबाइलवर पुस्तक उघडलं तर फोटो जागच्या जागी, आणि फोटोंखाली डॉलरची खूण, टक्क्याची खूण, उलटे कंस, डोक्यावर टिंबं असलेली इंग्रजी अक्षरं आणि मधूनमधून रिकामे चौकोन! मराठीचं एक अक्षर नाही. झालं असं होतं की तो वळणदार फाँट पीडीएफच्या पोटात गेलाच नव्हता. माझ्या कॉम्प्युटरात तो होता म्हणून मला सगळं सुंदर दिसत होतं. दुसऱ्या कुठेही तो नव्हता.

कोणत्याही घरात यावर एक फोन झाला असता. "अरे, हे काय पाठवलंयस?" बस! पण मी जावई. जावयाला जेवताना मीठ कमी आहे हे जिथे सांगत नाहीत, तिथे पुस्तक वाचता येत नाही हे कोण सांगणार?

सासूबाई म्हणाल्या, "अहो, हे काही वाचता येत नाही हो."

अप्पा म्हणाले, "आपल्या मोबाइलचा दोष असेल. भास्कररावांनी केलंय ते."

आणि अप्पांनी नवा मोबाइल घेतला! त्यावरही तेच दिसलं. मग अप्पा डोळे तपासून आले. डोळे उत्तम निघाले, तेव्हा अप्पांनी ठरवलं की छापल्यावर ते आपोआप नीट होत असणार.

डहाणूच्या छापखान्यातले अनिलभाई धंद्यातले मुरलेले माणूस. त्यांनी फाइल उघडली आणि आपल्या गुजराती मिसळलेल्या मराठीत अप्पांना विचारलं, "अप्पा, आ बरोबर छे ने? मला काय वाचता नाय येत."

"जावयांनी केलंय," अप्पा म्हणाले.

"अच्छा, जमाईए केलाय? तो बरोबरच हशे. मला वाटला दमणवाला फॉरेन पाहुणा लोकसाठी पोर्तुगीजमां हशे."

आणि छापलं!

मेळाव्याच्या दिवशी मी तलासरीहून शाळा अर्धी टाकून पोहोचलो. पुस्तकांचे गठ्ठे सुतळीत बांधलेले स्टेजवर होते. मला पहिल्या रांगेत बसवून नारळ दिला, टोपी घातली, आणि माइकवरून 'पुस्तकाचे तांत्रिक शिल्पकार' असं म्हटलं. मी मागे वळून लोकांना नमस्कारही केला. (ती टोपी आठवली की अजून कान तापतात.) पंचायत समितीच्या एका मॅडमनी सुतळी सोडली, टाळ्या झाल्या, प्रती वाटल्या. एक माझ्या हातात आली.

मुखपृष्ठावर टपोरा चिकू होता. त्याखाली मोठ्या अक्षरांत एक टक्का, एक उलटा कंस, दोन टिंबवाला ए आणि एक चौकोन.

ते माझ्या सासूबाईंचं नाव होतं.

उठून पळावं तर टोपी आणि नारळासकट पळावं लागणार! तोवर माइकवरून आवाज आला, "आता मालूताई आपल्या पुस्तकातली एक पाककृती वाचून दाखवतील."

सासूबाई उठल्या. नवीन लुगडं, हातात पुस्तक. त्यांनी ते उघडलं, चष्मा सारखा केला आणि पानाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी नारळाकडे बघितलं.

"चिकूचं लोणचं," सासूबाईंनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. "चिकू आधी कडक बघून घ्यावेत. बोटाने दाबला आणि दबला, तर तो हलव्याला ठेवावा, लोणच्यात घालू नये..."

त्या वाचत होत्या! बोट ओळीवरून फिरत होतं. ओळ संपली की बोट खालच्या ओळीवर यायचं. मोहरी आली, हिंग आला, आणि नेमका गूळ घालायच्या वेळी त्यांनी पान उलटलं. मॅडम आपल्या प्रतीत ती ओळ शोधत होत्या. सापडेना तशा त्यांनी प्रत उलटी धरून पाहिली. शेवटी टाळ्या झाल्या. मागच्या रांगेतल्या एक बाई म्हणाल्या, "काकू, आम्हाला तर काहीच लागत नाहीये यातलं."

"सवय लागते गं," सासूबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

मेळाव्यानंतर सासुरवाडीला आल्यावर मला वाटलं, आता तरी कोणीतरी बोलेल. सासूबाईंनी ताटात आग्रहाने जास्तीचा हलवा वाढला. त्या माऊलीने आयुष्यात एकदा स्वतःचं एकटीचं नाव छापून मागितलं होतं, आणि मी वळणदार अक्षरांच्या हौसेपायी त्याचा कचरा केला होता. "आई, पुन्हा छापून घेऊ," मी कसंबसं म्हणालो. "राहू दे हो," त्या म्हणाल्या, "मला पाठ आहे सगळं." पुस्तक तर ज्यांना पाठ नव्हतं त्यांच्यासाठी होतं!

तोंडाने माफी मागायचा धीर होईना. म्हणून आमच्या घरी परतल्यावर मी चार ओळी लिहिल्या. अगदी मनापासून. वर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं, खाली 'चुकलं माझं' असं स्वच्छ कबूल केलं, आणि भावनेच्या भरात त्याची पीडीएफ करून पाठवून दिली.

उत्तर आलं, 'वा! फारच छान.'

रविवारी बोर्डी गाठली. सासूबाईंनी मोबाइल पुढे केला. तेच डॉलर, तेच कंस, तेच चौकोन! घरच्या कॉम्प्युटरात तोच फाँट ठाण मांडून बसला होता, आणि मी तसाच टाइप करत सुटलो होतो.

"वरचं माझं नाव मी ओळखलं हो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "हा टक्का, हा उलटा कंस, मग टिंबवालं अक्षर, मग चौकोन. पुस्तकावर असंच आहे ना? मी रोज बघते. बाकीचं मात्र नाही लागलं. तुम्हीच वाचून दाखवा."

मी मोबाइल हातात घेतला. त्यांनी अख्खी पाककृती न बघता वाचली होती. मला माझ्या स्वतःच्या चार ओळी आठवेनात. एका चौकोनावर बोट ठेवून मी कसाबसा म्हणालो, "आई... चुकलं माझं."

सासूबाईंनी पदराने मोबाइलची काच पुसली आणि माझ्यासाठी पाणी आणायला आत गेल्या.

झोपाळ्यावरून अप्पा म्हणाले, "वा! काय सुंदर लिहिलंय हो, जावईबापू!"

मराठीचा शिक्षक म्हणून इतकी वर्षं खडू झिजवले, पण एका माणसाला संपूर्ण नव्या लिपीत स्वतःचं नाव वाचायला शिकवलं ते फक्त तेव्हाच. ती लिपी मला अजून वाचता येत नाही.