खाक्यांचं नवं बिऱ्हाड

टेलरबाईंचं दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्या उजवीकडे कापायचं लांब टेबल आणि भिंतीवर खिळ्यांना लटकवलेले तपकिरी कागदाचे खाके. नवीन माणूस आला की त्याला वाटायचं, बाईंनी कुणाचे तरी हात आणि पाठ वेगवेगळे करून वाळत घातलेत.

हे खाके साध्या कपड्यांचे नव्हते. सोळा वर्षांपूर्वी बाईंच्या नवऱ्याची उजवी बाजू अर्धांगवायूनं गेली. बस दुरुस्त करणारा धडधाकट माणूस, पण रोज सकाळी त्याला शर्ट घालायचा म्हणजे लढाई व्हायची. एकदा त्याचा हात बाहीत अडकला आणि बाईंनी जरा जोरात ओढला. तो ओरडला नाही. जड जिभेनं एवढंच म्हणाला, "राहू दे. उघडाच बसतो."

बाईंनी तो शर्ट तिथल्या तिथे खांद्यापासून खालपर्यंत उसवला, कडा दुमडल्या आणि बटणांच्या जागी चिकटपट्टी लावली. दोन टिपा मारायच्या राहिल्या होत्या, तरी तसाच त्याच्या अंगावर टाकला. त्यानं डाव्या हातानं पट्टी दाबून बंद केली, पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. मग चार वर्षं, म्हणजे होता तोवर, त्यानं शर्टाला दुसऱ्या कुणाचा हात लावू दिला नाही.

व्यायाम शिकवायला येणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तो शर्ट पाहिला आणि खाका मागून नेला. त्यांच्याकडून दुसऱ्यांनी मागितला. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पाठीत उघडणारा गाऊन, प्लास्टर घातलेल्या पायाची विजार, नळी लावलेल्या बाळाचं झबलं, असे एकेक करत खाके वाढत गेले. तेव्हा बाईंच्या भाच्यानं त्यांची वेबसाइट करून दिली. लवकर वारलेल्या बहिणीचा हा मुलगा बाईंनीच वाढवलेला. चौतिसाव्या वर्षी त्याच्या डोक्यावरचे केस मागे हटायला लागले होते, तरी बाई त्याला छोट्याच म्हणत. साइटवर कुणीही यावं, खाका छापून घ्यावा आणि कापावा. प्रत्येक खाक्याच्या पहिल्या कागदावर खाली बाईंचा फोन नंबर आणि एक ओळ होती, ‘अडलात तर विचारा, लाजू नका.’

अकरा वर्षं हे सुरळीत चाललं. मग वर्षभरापूर्वी साइट मधूनमधून बंद पडायला लागली. आधी तासभर, मग अर्धा दिवस.

"मावशी, सर्व्हर जरा डाउन आहे," छोट्या म्हणायचा.

"माझ्या मशीनचा पट्टा तुटला तर मी गिऱ्हाइकाला असं सांगते का? पट्टा बदलते."

छोट्या हसायचा आणि विषय बदलायचा. बाईही जास्त ताणायच्या नाहीत. पोरानं रविवारचे रविवार घालवून हे उभं केलं होतं, त्यात खोट कशी काढायची, असं त्यांना वाटायचं.

एका मंगळवारी दुपारी फोन आला. बोलणारा ट्रक ड्रायव्हर होता. त्याच्या आईच्या खांद्याचं ऑपरेशन झालं होतं आणि वॉर्डातल्या नर्सनं त्याला बाईंच्या शर्टाचा पहिला कागद दिला होता. बाहीचा दुसरा कागद हरवलेला.

"बाई, पाच दिवस झाले, तुमचं पान उघडतच नाही. आईला उद्या घरी सोडतायत."

"खडू आहे का जवळ? नसला तर पेन्सिल घ्या. कापड पसरा. मी सांगते तसं आखत चला."

चाळीस मिनिटं बाई फोनवर मापं सांगत होत्या आणि तिकडे तो जमिनीवर गुडघे टेकून रेघा मारत होता. सगळं झाल्यावर तो म्हणाला, "काल मी अंदाजानंच एक कापला होता. बायकोनं हातानं शिवून दिला. पण काखेत आखडला आणि आईच्या टाक्यांना घासला. ती काही बोलली नाही. आज शर्ट दाखवला, तर तिनं हात मागे घेतला."

फोन ठेवल्यावर बाईंनी लगेच छोट्याला फोन लावून बोलावून घेतलं. या माणसाकडे निदान पहिला कागद तरी होता. ज्यांच्याकडे तोही नाही ते कुणाला फोन करणार?

छोट्या ऑफिसातून परस्पर आला. आज बाईंनी त्याला विषय बदलू दिला नाही.

"पाच दिवस बंद आहे हे तुला माहीत होतं?"

"आजचा सहावा."

"आणि दुरुस्त कधी होणार?"

छोट्यानं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग सगळं बाहेर आलं. साइट ज्या सर्व्हरवर होती तो त्याच्या एका मित्राच्या धंद्यातला. मित्र मोठ्या कंपनीकडून भाड्यानं जागा घ्यायचा आणि छोट्या-छोट्या लोकांच्या साइट तिच्यावर ठेवायचा. वर्षभर त्याचं गाडं रुळावरून घसरत होतं. बाकीचे सगळे केव्हाच दुसरीकडे गेले होते. सहा दिवस तो फोनही उचलत नव्हता.

"मग तू का नाही हलवलंस?"

"मला कुणी दारात उभं करत नव्हतं तेव्हा त्यानं पहिली नोकरी दिली, मावशी. सगळे सोडून गेले. मीही जाऊ?"

"भीड भिकेची बहीण, छोट्या. भीड तुला पडली, आणि हात मागे घेतला कुणाच्या तरी आईनं."

हे बोलून झाल्यावर बाईंनाच ते फार लागलं. त्या उठल्या, त्याच्यासमोर पाण्याचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "तुला एकट्याला कशाला बोलू? वर्षभर मलाही दिसत होतं. तुला वाईट वाटेल म्हणून मीही गप्पच बसले की."

दुसऱ्या दिवशी दोघं मित्राच्या ऑफिसात गेले. टायरच्या दुकानावरची ती खोली. जिन्यापासूनच रबराचा वास येत होता. दार मित्रानंच उघडलं. दाढी वाढलेली, मागे भिंतीला लावून खोकी रचलेली, एका खुर्चीवर वायरींचं भेंडोळं. छोट्याला बघून तो अर्ध्या दारातच थबकला.

"फोन उचलायचं धाडस होत नव्हतं," तो म्हणाला. "कंपनीनं जागा काढून घेतली माझी. उचलून सांगणार काय होतो?"

छोट्या त्याला समजवायला लागला, तो छोट्याला. दोघं एकमेकांची माफी मागत राहिले. बाईंनी खुर्चीवरच्या वायरी उचलून खोक्यावर ठेवल्या आणि बसल्या.

"माझे खाके कुठे आहेत?"

"सगळे नाहीत, बाई. पाच महिन्यांपूर्वीची प्रत आहे या डिस्कवर. त्यानंतरचं गेलं."

"आणि साइटचं नाव?"

मित्रानं मान खाली घातली. नावही त्याच्याच खात्यात नोंदवलेलं होतं. तो उद्या गाव सोडून गेला असता, तर बारा वर्षं लोकांच्या तोंडी बसलेलं ते नाव त्याच्याबरोबरच गेलं असतं. छोट्याच्या चेहऱ्याचा रंगच उडाला. हे त्याच्याही कधी डोक्यात आलं नव्हतं.

"तुम्ही रागावला नाहीत?" मित्रानं विचारलं.

"रागावलेय. ते नंतर बघू. आधी नाव माझ्या नावावर कर आणि डिस्कवरची कॉपी काढायला लाव. होईपर्यंत मी इथंच आहे."

दीड तास लागला. मधे मित्रानं चहा केला, दोन कप आणि एक पेला शोधून काढला आणि पेला स्वतःकडे घेतला. निघताना बाई त्याला म्हणाल्या, "फोन उचलत जा रे. वाईट बातमी असली तरी ती सांगणारं माणूस लागतं." त्यानं मान हलवली.

आता नवी जागा शोधायची. छोट्यानं तीन कंपन्या निवडून त्यांच्या दरांचे तक्ते बाईंसमोर ठेवले. बाईंनी ते बाजूला सारले. "फोन लाव यांना. माणूस कोण उचलतं ते बघू."

पहिल्या ठिकाणी बराच वेळ सतार वाजली आणि फोन कट झाला. दुसऱ्या ठिकाणी मुलगा गोड बोलला, पण प्रत्येक प्रश्नाला ‘मेल करा’ म्हणाला. तिसऱ्या ठिकाणी एका बाईनं फोन उचलला.

"तुमचं यंत्र कधी बंद पडतं का?" टेलरबाईंनी विचारलं.

"पडतं," ती म्हणाली. "पडत नाही असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. पण पडलं की आम्हाला आधी कळतं आणि आम्ही तुम्हाला कळवतो. रोज रात्री प्रत निघते आणि ती दुसऱ्या इमारतीत ठेवली जाते."

"ती प्रत परत मागितली तर मिळते?"

"मिळते."

"मग आमचं सामान तुमच्याकडे आलं की दुसऱ्या दिवशी मागेन. खरंच मिळते का ते बघायला."

पलीकडे ती हसली. "बाई, सात वर्षं इथे आहे. हे आधीच मागून बघणारं कुणी भेटलं नव्हतं. जरूर मागा."

तिथंच ठरलं.

शनिवारी छोट्यानं सगळं नव्या जागी चढवलं. पाच महिन्यांत टाकलेले चार खाके हरवले होते, पण त्यांचे कागद भिंतीवर होतेच. बाईंनी ते उतरवले आणि पुन्हा आखायला घेतले. त्याच बैठकीला जुन्या शर्टाचा खाकाही काढला. काख अर्ध्या इंचानं सैल केली आणि खाली लिहिलं, ‘बाहीशिवाय हा खाका अपुरा आहे. दोन्ही कागद एकत्र टाचून ठेवा.’

मग वाट बघणं आलं. छोट्यानं समजावलं, की नाव तेच असलं तरी नवा पत्ता सगळीकडे पोचायला एखाद-दुसरा दिवस लागतो. त्याच्या फोनवर साइट दिसत होती, बाईंच्या फोनवर नुसतं पांढरं पान. बाईंनी दुसऱ्या शहरात राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंना फोन केला.

"तुमच्याकडे दिसतंय?"

"दिसतंय की. भराभर उघडतंय."

"जगाला दिसतंय आणि मला नाही," बाई छोट्याला म्हणाल्या. "दिव्याखाली अंधार." त्यांच्या फोनवर रविवारी दुपारी दिसलं. सोमवारी त्यांनी खरंच आदल्या दिवशीची प्रत मागितली आणि ती तासाभरात आली.

नवा पासवर्ड बाईंनी मापांच्या वहीत लिहिला, तेव्हा छोट्यानं डोक्याला हात लावला. "मावशी, असं लिहून ठेवायचं नसतं."

"माझ्या वहीतलं अक्षर ज्या चोराला लागेल, त्यानं खुशाल न्यावं."

शेवटी पासवर्ड बदलला आणि कसा लक्षात ठेवायचा ते छोट्यानं शिकवलं. वहीत लिहू दिलं नाही म्हणून मात्र बाई दोन दिवस धुसफुसत राहिल्या.

पुढच्या सात महिन्यांत साइट एकदाच बंद पडली, वीस मिनिटं. ती चालू व्हायच्या आत कंपनीतल्या बाईचा निरोप आला होता. मित्राला छोट्याच्याच ऑफिसात काम मिळालं. सुरुवातीचे काही आठवडे दोघं एकमेकांशी जपून बोलायचे, मग पूर्वीसारखे भांडायला लागले. छोट्या हे सांगायला आला तेव्हा बाईंना त्याच्या आवाजात वर्षभरात प्रथमच मोकळेपणा जाणवला.

बाईंनी मात्र एक मनाशी पक्कं केलं होतं. पुढचा खाका आपणच चढवायचा. छोट्या दोन रविवार शेजारी बसला. त्यानंतरच्या सोमवारी तो ऑफिसात असताना बाईंनी चाकाच्या खुर्चीवर बसणाऱ्यांसाठीचा कोट एकटीनं साइटवर टाकला. दहा मिनिटांत फोन वाजला.

"मावशी, कोट उलटा टांगलाय. गळा खाली आलाय. मी करू का सरळ?"

"हात लावू नकोस. मी करते."

कोट सरळ करायला बाईंना सव्वा तास लागला. तोवर तो कोट जगभर उलटाच होता आणि छोट्या ऑफिसात बसून दर पाच मिनिटांनी साइट उघडून बघत होता.