कवेलूंची लेखी हमी

नागपूरच्या महाल भागात १९७४ साली कवेलूंची, म्हणजे कौलांची, चौदा घरे रुपरावांकडे होती. त्यांच्याकडे होती याचा अर्थ एवढाच की, त्या चौदा छपरांवर त्यांच्याखेरीज दुसरा कुणी चढत नसे. दर वैशाखात ते छप्पर ओळीओळीने उकलीत, प्रत्येक कवेलूवर बोटाच्या पेराने टिचकी मारीत, खणखणीत वाजे ते पुन्हा बसवीत आणि बद्द वाजे ते बाजूला टाकीत. या कामाला कवेलू फेरणे म्हणतात. फेराईचा दर घराच्या आकाराप्रमाणे वीसपासून पंचेचाळीस रुपयांपर्यंत होता आणि त्यातच पुढचा सगळा पावसाळा आला. कुठे गळू लागले तर निरोप पोचताच रुपराव डोक्यावर पोते घेऊन येत आणि वर एक पैसा मागत नसत. मात्र नवी कवेलू घरमालकाने आणून द्यायची. वानरांनी छपरावर धिंगाणा घातला, तर माल मालकाचा, मेहनत रुपरावांची. हे कुठेही लिहिलेले नव्हते. त्यांच्या वडिलांच्या काळापासून असेच चालत आले होते आणि त्यावरून भांडण झाल्याचे कुणाला आठवत नव्हते.

या चौदांपैकी सर्वांत मोठे छप्पर यमुताईंचे. त्या निवृत्त शिक्षिका होत्या आणि एकट्याच राहत. त्यांच्या समोर गिरिधरचे घर. कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून असलेल्या या गृहस्थाने पुढच्या वर्षी कवेलू उतरवून स्लॅब टाकला. बांधकामाचा ठेका बाबारावांकडे होता. स्लॅबच्या खर्चाशिवाय पाच वर्षांच्या हमीचे म्हणून बाबारावांनी साडेतीनशे रुपये वेगळे घेतले आणि शिक्का मारलेला एक कागद दिला. गिरिधरने तो काचेच्या चौकटीत घालून बैठकीत टांगला.

एक घर गेले याचे रुपरावांना फारसे वाटले नसते. स्लॅबचे दिवस येत आहेत हे त्यांना दिसत होते. त्यांना लागले ते साडेतीनशे रुपये. हाच गिरिधर दरवर्षी फेराईच्या तीस रुपयांतून, कोपऱ्यातली ओळ वाकडी आहे एवढ्या सबबीवर, दोन रुपये कापून घेत असे. त्या आषाढात रुपराव दिवसाआड मुद्दाम त्या गल्लीतून जात आणि गिरिधरच्या भिंतीवर ओलीचा डाग शोधत. डाग कुठेच नव्हता.

"मी पावसात भिजत धावतो, तवा पंचेचाळीस," ते घरी बायकोला म्हणाले. "तो बाबाराव घरी बसून भजे खाऊन राहिला, त्याले साडेतीनशे!"

सुभद्राबाई भाकरी थापत होत्या. "मंग तुमी बी बसा घरी. पंचेचाळीस बी नाई भेटनार."

"तुले मजाक सुचून राहिली वं."

"मजाक नाई. त्याचं पोट त्याच्यापाशी, तुमचं तुमच्यापाशी. गिरिधरच्या भिंतीकडं काहून पाहता?"

दुसऱ्याला अधिक पैसे मिळतात ही सल माणूस पुष्कळदा गिळून टाकतो. आपल्याहून दुसऱ्यावर अधिक विश्वास ठेवला जातो ही मात्र गिळता येत नाही. वास्तविक कागद तेथे लागतो जेथे माणसाची खात्री नसते, आणि गेल्या वीस वर्षांत रुपरावांकडे कुणी कागद मागितला नव्हता, हा त्यांचा केवढा तरी मान होता. पण चौकटीत टांगता येत नाही असा मान त्यांना आता मान वाटेनासा झाला होता.

पुढच्या वैशाखात ते शिडी घेऊन यमुताईंच्या दारी गेले, तेव्हा यमुताईंनी त्यांना ओसरीवर बसवले.

"रुपराव, तुमच्या कामाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण बाबाराव येऊन स्लॅबचं माप घेऊन गेले. त्यांचं सगळं लेखी असतं. मी एकटी बाई. उद्या तुमचा पाय मोडला, तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?"

"तुमाले लेखी पायजे?"

"असतं तर बरं झालं असतं."

"मंग मी बी देतो लेखी. बाबारावानंच द्यावं असं थोडंच हाये?"

त्याच दुपारी ते कचेरीबाहेर झाडाखाली अर्ज लिहिणाऱ्या दत्तोपंतांकडे गेले. दत्तोपंतांनी टाक शाईत बुडवला.

"कोणत्या कारणानं गळलं तर दुरुस्ती तुमच्याकडे?"

"कोनत्याई कारनानं."

"माल कोणाचा?"

"सारं माह्यं."

"विचार करा, रुपराव. वाक्य फार मोठं होतं आहे."

"बाबारावाच्यापेक्षा लहान नको."

कागदाचे तीन रुपये पडले. यमुताईंनी तो दोनदा वाचला, समाधानाने कपाटात ठेवला आणि दरवर्षीप्रमाणे पंचेचाळीस रुपये दिले. हमीचे निराळे काही मागावे हे रुपरावांना सुचलेच नाही. आपल्याकडे कागद मागितला गेला, यातच त्यांना आपला मोबदला मिळाला होता.

भाद्रपदात वानरांचा कळप आला आणि दोन दिवस त्या गल्लीत राहिला. गिरिधरच्या गच्चीवर वानरे पिले घेऊन उन्हात बसली. यमुताईंच्या छपरावर मात्र त्यांनी चारशे कवेलू फोडली. रुपराव आले, वर जाऊन मोजून आले आणि जुन्या सवयीने म्हणाले, "चारशे लागतीन, बाई. शेकडा सात रुपये भाव हाये."

यमुताईंनी कपाटातून कागद काढला. त्या दुष्ट नव्हत्या. वाचलेल्या शब्दाला शेवटपर्यंत धरून राहण्यात त्यांचे आयुष्य गेले होते. "इथे 'कोणत्याही कारणाने' असं आहे. 'माल माझा' असंही आहे. मी माझ्या मनाचं काहीच सांगत नाही, रुपराव."

रुपरावांनी अठ्ठावीस रुपयांची कवेलू स्वतः आणली. कागदाचे तीन वजा जाता एका मोठ्या छपराच्या वर्षभराच्या राखणीचे त्यांच्या हाती चौदा रुपये उरले.

"गिरिधरनं कागदासाठी पैसे देल्ले," सुभद्राबाई म्हणाल्या. "तुमीबी देल्ले. बरोबरी झाली मनायची!"

हा टोमणा त्यांना आठ महिने पुरला. वैशाख जवळ आला तेव्हा ते पुन्हा दत्तोपंतांपुढे जाऊन बसले आणि म्हणाले, "बाबारावाच्या कागदात असं काय हाये, जे माह्या कागदात नाई?"

दत्तोपंत हसले. "तो मसुदा माझ्याच हातचा. थांबा." त्यांनी पेटीतून एक प्रत काढली. "हमी एका ओळीत आहे. त्याखाली बारीक अक्षरात, हमी कधी लागू नाही ते. गच्चीवर पाण्याची टाकी ठेवल्यास नाही. मिरच्या कुटल्यास नाही. मांडवासाठी बल्ली रोवल्यास नाही. पिंपळाचं रोप वेळेवर न उपटल्यास नाही. अशा अकरा ओळी."

"अकरा?"

"साडेतीनशे रुपये त्या अकरा ओळींचे आहेत, गा. वरची ओळ तर कोणीही लिहून देईल. तुम्ही दिलीच ना?"

रुपरावांनी त्या बारीक ओळी बोटाने मोजल्या. इतके दिवस बाबारावांच्या शब्दाचा त्यांना हेवा वाटत होता. आता त्यांच्या नकारांचा वाटू लागला. अकरा वेळा नाही म्हणून हा मनुष्य भरवशाचा ठरला होता. दत्तोपंतांनी नव्या कागदावर शेवटची ओळ घातली, 'वानरांनी फोडलेल्या कवेलूंच्या जागी नवी कवेलू घरमालकाने आणून द्यावीत', आणि त्या ओळीचे पैसे घेतले नाहीत.

यमुताईंनी नवा कागद वाचून चष्मा काढला.

"हे वानरांचं आता नवीनच काढलं तुम्ही?"

"नवीन नाई, बाई. पैलेपासूनच हाये. तुमीच आनून देत होत्या."

"देत होते, हे खरं. पण लेखी देणारा माणूस असं मागे सरकत नाही. गिरिधरच्या कागदात असं काही असेल, असं मला वाटत नाही."

असे अकरा वेळा आहे, हे सांगायला एक वाक्य पुरले असते. ते वाक्य खरे होते, न्याय्य होते आणि रुपरावांच्या ओठांवर आलेही होते. त्याच वेळी समोरच्या ओट्यावर गिरिधरबरोबर चहा पीत बसलेल्या बाबारावांनी मोठ्याने हाक घातली.

"काय गा रुपराव! अजून वान्नेरायची राखन चालूच हाये का?"

गिरिधर हसला. बाबारावांच्या देखत ते वाक्य उच्चारून स्वतःच्या कागदातली एक उणीव कबूल करणे रुपरावांना आयुष्यभराच्या कवेलूंहून जड झाले.

"तो पेन द्या इकडं, बाई."

अक्षरओळख जेमतेम असली, तरी शेवटची ओळ कोणती हे त्यांना ठाऊक होते. तिच्यावर त्यांनी आडवी रेघ मारली, रेघेखाली सही केली आणि कागद परत दिला. यमुताईंनी पंचेचाळीस रुपये मोजून दिले व म्हटले, "आता ठीक झालं."

रुपरावांनी शिडी लावली आणि ते आढ्यापर्यंत चढले. तेथून गिरिधरची गच्ची बरोबर समोर दिसे. काम दोन्ही उतरणींवर होते, आणि मागच्या उतरणीपासून आरंभ करण्याचा त्यांचा वीस वर्षांचा शिरस्ता होता. त्या दिवशी ते पुढच्या उतरणीवर गच्चीकडे तोंड करून बसले, तिथे टाकी किंवा पिंपळाचे रोप दिसते का ते पाहिले आणि पहिल्या कवेलूवर त्यांनी टिचकी मारली.