कच्च्या पपईच्या मुलखात

नाशिकहून सकाळची गाडी धरली तेव्हा शेजारची सीट रिकामी होती, आणि मी सवयीने त्यावर पिशवी ठेवली. ती जागा सुशीलाची. अठरा वर्षं आम्ही दोघींनी टूटीफ्रूटीचा कारखाना चालवला. केकमधले ते लाल-हिरवे तुकडे कच्च्या पपईचे असतात, हे सांगितलं की लोकांचं तोंड उतरतं. पाक माझ्याकडे, माणसं तिच्याकडे, अशी वाटणी होती. ती दोन महिन्यांसाठी म्हणून लेकीच्या बाळंतपणाला नागपूरला गेली, त्याला वर्ष झालं. त्यात मालकांनी होळीपर्यंत जागा सोडायला सांगितलं. नवी जागा मिळाली तर कारखाना, नाहीतर कुलूप. आमची पपई शहाद्याकडूनच येते. म्हटलं, आपणच पपईकडे जावं.

विसरवाडीला हायवेवर एक गोदाम पाहिलं. जागा ऐसपैस, ट्रक दाराशी लागेल अशी. पण दलाल माझ्याशी बोलायलाच तयार नाही. साहेब मागून येताहेत का, असं त्याने तीनदा विचारलं. साहेब नाहीत म्हटल्यावर त्याला पाण्याची अडचण आठवली. मला राग आला, पण भांडायचं खातं सुशीलाचं. मी गुपचूप नंदुरबारची गाडी पकडली.

नंदुरबारबाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घातलेली. अख्खी गाडी शिंकत होती, मी तर डोळे पुसून बेजार. समोरच्या बाईने न बोलता पाण्याची बाटली पुढे केली. दिवसभरात माझ्याशी कुणी इतकं बरं वागलं नव्हतं. पुढे प्रकाशाच्या पुलावर तापी दिसली, संथ आणि रुंद. दोन्ही काठांना केळी, ऊस, पपई. हे कुणाला दाखवावं म्हणून मी मान वळवली, तर शेजारी पिशवी.

शहाद्याजवळ लोणखेड्याला झिपरू आप्पांची शेड होती. सत्तरीचे, एकटे राहणारे शेतकरी. बांधावर मजूर पपया रद्दीत गुंडाळून दिल्लीच्या ट्रकमध्ये रचत होते. डागी, वेडीवाकडी फळं बाजूला पडलेली. मला नेमकी तीच हवी होती! शेड स्वच्छ, वीज आलेली, विहीर पन्नास पावलांवर. आप्पांनी आधी जेवायला बसवलं. कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) आणि ठेचा. मग मी बोलायला लागले. जन्मात कुणासमोर इतकं बोलले नसेन. शेवटी विचारलं, "मग, द्याल ना शेड?"

तेवढ्यात शेतातली लाइट आली. आप्पांनी टोपी उचलली, म्हणाले, "येस, ताई," आणि लगबगीने विहिरीवरच्या मोटारीकडे गेले.

मी हरखले. वर म्हाताऱ्याच्या इंग्रजीचं कौतुकही वाटलं. शहाद्याच्या लॉजवरून पहिला फोन सुशीलाला केला.  ती म्हणाली, बरं झालं, आता नव्या पाटीवर तुझं एकटीचंच नाव घाल. मी विषय बदलला.

सकाळी कराराचा कागद घेऊन गेले, तर आप्पा गोंधळून बघत राहिले. त्यांना उमजलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. अहिराणीत येस म्हणजे येतो. ते फक्त निरोप घेत होते. माझा चेहरा पाहून त्यांनी मला खाटेवर बसवलं. शेड मुलासाठी बांधली, असं म्हणाले. तो सुरतेला कापडाच्या मिलमध्ये असतो, आठ वर्षं झाली. मी म्हटलं, तो आला की त्या दिवशी मी रिकामी करून देईन.

आप्पांनी बांधाकडे पाहिलं.

"तो येवाव नई, ताई. माले बी मालूम शे. पन शेड दी टाकी, का मंग ते पक्कं व्हई जाई." (तो यायचा नाही, मलाही माहीत आहे. पण शेड देऊन टाकली, की मग ते पक्कं होऊन जाईल.)

सुशीला असती तर तिने त्यांना पटवलं असतं. मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. निघताना त्यांनी दोन कच्च्या पपया माझ्या हातात दिल्या.

परतीच्या गाडीत मी स्वतःशीच हिशेब करत होते. माल इथे, रस्ता चांगला, पाणी मुबलक. धंद्याला याहून चांगला मुलूख मला सापडणार नाही. आणखी दोन दिवस फिरले असते तर दुसरी शेडही मिळाली असती. मग मी परत का निघाले होते? साक्रीला गाडी थांबली तेव्हा मी सुशीलाला फोन लावला. शेडचं काहीच बोलले नाही. वर्षभरात जे एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"सुशीला, तू परत येणार आहेस का?"

"नाही गं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कळलंय."

कळलं होतंच. खिडकीकडे तोंड करून मी नाशिकपर्यंत रडत आले. दुसऱ्या दिवशी मालकांकडे जाऊन सांगितलं, होळीपर्यंत थांबायची गरज नाही, कारखान्याला कुलूप लावतेय, या महिन्यातच जागा सोडते.