डिझेलचा वास

एका जागी बसणं माझ्या रक्तातच नाही. बायको म्हणते, जेवतानाही तुमचा एक पाय उंबऱ्याबाहेर असतो. असा माणूस जीप चालवायला चांगला, पण जीप बंद पडली की त्याच्याइतका वाईट कोणी नाही. मी बॉनेट उघडतो, लावतो, परत उघडतो, वीस पावलं चालून माघारी येतो, आणि मधे जो बोलेल त्याच्यावर खेकसतो.

त्या साली माझ्या जीपमध्ये कॉलेजच्या पाच पोरी होत्या. चार गोरेगावच्या, आणि वाटेवरच्या तांड्यातून चढणारी एक. सकाळी कनेरगाव नाक्यामार्गे हिंगोलीला न्यायचं, कॉलेज सुटलं की माघारी आणायचं. जीप बावीस वर्षांची. डिझेलचा काटा कधीच मेलेला. टाकीत किती आहे हे बघायचं तर झाकण फिरवून काढायचं आणि आत काडी घालायची.

तांड्यावरची पोरगी बारावीला होती. तिथून कॉलेजात जाणारी ती पहिलीच. तिच्या बापाने पहिल्या दिवशी जीपपाशी येऊन मला दोन अटी घातल्या. "पोरगी मागं पोरींतच बसंल, पुढं ड्रायव्हरपाशी न्हाई. आन् दिवस बुडायच्या आत घरी. एकडाव उशीर झाला तर समजून घेईन, दोनडाव झाला तरी घेईन. तिसऱ्यांदा झाला की शिकणं बंद." माणूस वाईट नव्हता. पण पोरगी शिकवतो म्हणून तांड्यातले लोक त्याचे कान भरत होते, आणि त्याला रोज त्यांच्यातच बसायचं होतं. मला हे कळायचं, म्हणून जास्तच तगमग व्हायची. मी स्वतः नववी नापास. मागे पोरी प्रश्नपत्रिकेवरून भांडायच्या ना, ते ऐकायला मला फार आवडायचं. खोटं कशाला सांगू!

दिवाळी झाली, दिवस लहान झाले, आणि जीपने खोडी काढली.

पहिल्यांदा झालं ते असं. येताना नाका मागे पडला आणि गाडीची ताकद एकदम कमी झाली. धक्के खाल्ले आणि बंद. म्हणलं, लाईनीत हवा शिरली. डिझेलच्या गाडीत नळीत हवा शिरली की इंजिन गपकन बसतं, मग ती हवा काढावी लागते. फिल्टरचा बोल्ट सैल केला, इंजिनावरचा छोटा हातपंप दाबत बसलो. अर्धा तास. काही नाही. मग संशय आला, पंपवाल्याने डिझेल कमी तर टाकलं नाही? झाकण काढून काडी घातली. डिझेल बराबर होतं. परत हातपंप मारला आणि गाडी लागली. पण तांड्यावर पोचेपर्यंत दिवस बुडाला होता. बाप फाट्यावर उभा. त्याने नुसतं एक बोट वर केलं.

दुसऱ्या दिवशी गोरेगावच्या मिस्तरीकडे गेलो. म्हातारा माणूस, माझ्या बापाच्या वेळेपासून गाड्या खोलणारा. म्हणाला, "कहीं से तो हवा ले री." फिल्टर बदलला. आठ दिवस गाडी झकास चालली, आणि नवव्या दिवशी त्याच रस्त्यावर परत तेच. हातपंप, घाम, शिव्या, शेवटी काडी, परत हातपंप, आणि चालू. बापाने दोन बोटं दाखवली.

आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. मिस्तरीच्या डोक्यावर जाऊन बसलो. नळ्या नव्या टाकल्या, पट्ट्या आवळल्या, टाकीतून डिझेल ओढणारा फीड पंप खोलून धुतला. मिस्तरी वैतागून म्हणाला, "तू घर जा रे बाबा, तेरे कू देखके मेरे हाथ कांप रे." मी काय जातोय! तिथेच चकरा मारत राहिलो.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली होती. हिंगोलीत टाकी भरली की त्याच संध्याकाळी गाडी बंद पडायची. टाकीत थोडंच असलं की कुठे काही नाही. म्हणजे डिझेलच खराब! मनातल्या मनात पंपवाल्याला लाख शिव्या घातल्या. त्याचं डिझेल बाटलीत घेऊन दोन दिवस खिडकीत ठेवलं. खाली ना पाणी बसलं, ना गाळ. तरी त्याच्याकडे जाणं सोडलं. दुसऱ्या पंपावर डोळ्यांदेखत गळ्यापर्यंत भरून घेतलं, आणि पोरींना घेऊन निघालो.

नाका ओलांडला. धक्के सुरू झाले. मागे पाचही पोरी खिडकीतून सूर्य किती वर आहे ते बघायला लागल्या.

गाडी तुरीच्या शेताकडेला लावली. हातपंप मारून मारून अंगठा सोलला. सूर्य तुरीच्या शेंड्याला टेकला होता. मी त्याच्याकडे बघायचो, घड्याळाकडे बघायचो आणि फिल्टरवर पाना आपटायचो. तांड्यावरच्या पोरीने बापाला फोन लावला. तिकडून एवढंच आलं, "येऊन राहिलो." तिने पुस्तक पिशवीत घातलं, पिशवीचा बंद ओढून घट्ट केला आणि उठून माझ्यापाशी आली.

"काका, रागावू नका."

"बोल पटकन."

"दोन्हीडाव तुमी झाकण काढून काडी घातली, त्याच्या बादच गाडी लागली. आज काडी घातली न्हाई."

"अगं बाई, टाकी गळ्यापर्यंत भरली! काडी घालून काय पूजा करू तिची?"

ती सरळ मागे गेली आणि झाकणाला हात घातला. ते निघेना. दोन्ही हातांनी जोर लावला तसं ते सुटलं, आणि टाकीने सूंऽऽ करून एवढा मोठा श्वास घेतला की चारही पोरी वाकून बघायला लागल्या. मी धावत जाऊन हातपंप दहा-बारा वेळा दाबला, चावी फिरवली. गाडी लागली.

मी झाकण हातात घेतलं आणि तिथेच बसलो. झाकणाच्या मधोमध एक बारीक भोक असतं. डिझेल जसं संपत जातं तशी त्या भोकातून टाकीत हवा यावी लागते. नाही आली तर टाकी डिझेल सोडत नाही, धरून ठेवते. भरलेल्या टाकीत हवेला जागाच थोडी, म्हणून ती लवकर अडायची. आम्ही महिनाभर शिरलेली हवा काढत बसलो होतो, आणि टाकी हवेसाठी तडफडत होती.

ते भोक मी बुजवलं होतं. माझ्या ह्याच हातांनी, काचा बसवायची चिकट लांबी भरून.

टाकीचं तोंड मागच्या सीटच्या कडेला. शेवटी चढणारी म्हणून ती पोरगी रोज तिथेच बसायची. दिवाळीत तिचा बाप म्हणाला होता, "लेकरू जेवत न्हाई. डिझेलचा वास डोक्यात बसतो तिच्या." त्याच दिवशी मी भोक बुजवलं आणि झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचं वायसर टाकलं. वास गेला. पोरगी डबा खायला लागली, तर मी स्वतःवर काय खूश झालो होतो!

बाप मोटारसायकलवर आला तेव्हा दिवस बुडाला होता. जुनी गाडी आहे, चालायचंच, असं म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं. पोरगी खाली मान घालून उभी होती. मला माझीच लाज वाटली. मी झाकण त्याच्यापुढे धरलं. "चूक माझी हाय. पोरीला वास येतो म्हणून हे भोक मी बुजवलं. म्हणून तीनडाव उशीर झाला. तिची काही चुकी न्हाई. तिनंच शोधून काढलं."

त्याने झाकण उलटंपालटं करून पाहिलं, माझ्या हातात दिलं, आणि पोरीला म्हणाला, "चल." ती मागे बसली. मोटारसायकल गेली.

घरी जाऊन मी बाभळीच्या काट्याने ती लांबी कण कण करून कोरून काढली. जेवण गेलं नाही.

सकाळी तांड्याच्या फाट्यावर दहा मिनिटं आधीच जाऊन थांबलो. चारही पोरी तांड्याच्या वाटेकडे बघत होत्या. हॉर्न वाजवायची हिंमत होईना. तीनदा उतरलो, तीनदा चढलो. आता निघावं म्हणून चावीला हात घातला, तर दोघं येताना दिसली. पोरीच्या खांद्याला पिशवी होती.

बाप आधी टाकीपाशी गेला. वाकून झाकणाला नाक लावलं.

"भोक मोकळं केलं?"

"केलं."

"मंग वास येनारच."

"येनार."

फाट्यावर तांड्याची पाच-सात माणसं एसटीसाठी उभी होती. त्यांच्यादेखत तो पुढे आला, माझ्या शेजारचं दार स्वतः उघडलं आणि लेकीला म्हणाला, "इथं बस. खिडकीपाशी." मग माझ्याकडे बघितलं. "उशीर झाला तर फोन करा. मी घ्यायला यीन."

कनेरगाव नाक्यापर्यंत मी सीटवर न हलता, नीट बसून राहिलो. माझ्यासारख्या माणसाला ते सोपं नव्हतं.