मीनाच्या चकत्या

मीना गेल्याचा फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. तिच्या शेजारच्या बाई बोलत होत्या. सकाळी दूध आत घेतलं नाही म्हणून त्यांनी दार वाजवलं, मग वॉचमनला बोलावलं… पुढचं मी ऐकलं की नाही, आठवत नाही. फोन ठेवला आणि उरलेली जुडी निवडून संपवली. देठ वेगळे, पिवळी पानं वेगळी. मग ह्यांना हाक मारली. नवऱ्याला त्याची धाकटी बहीण गेल्याचं सांगण्याआधी मी भाजी पुरी केली. मीनाने ते मनाला लावून घेतलं नसतं. "एका वेळी एकच गोष्ट, वहिनी," असं म्हणून ती हसली असती.

मीना माझी नणंद. नव्वदच्या दशकात, आमचं नेरूळचं घर नवीन होतं आणि भिंतींना अजून चुन्याचा वास येत होता, तेव्हा ती एका संध्याकाळी एक बॅग घेऊन दारात उभी राहिली. लग्नाला तीन वर्षं झाली होती. सासर डोंबिवलीचं. मारहाण वगैरे काही नव्हतं. पण आधी टायपिंगची नोकरी सोडायला लावली, मग माहेरी पत्र लिहिणंही खुपायला लागलं, आणि शेवटी त्या घरात तिच्याशी कुणी बोलेनासंच झालं. "मी राहू का गं थोडे दिवस?" असं तिने विचारलं, तेही भावाला नाही, मला. मी "हे काय विचारणं झालं!" म्हटलं. लोक अजून माझं कौतुक करतात, नणंदेला बहिणीसारखं सांभाळलं म्हणून. खरं सांगायचं तर आठ महिन्यांत मी वैतागले होते. एक हॉल, एक बेडरूम, दोन मुलं, आणि हॉलच्या खिडकीशी तिचं टेबल. ती सीबीडी बेलापूरला एका वकिलांकडे टायपिंग करायची आणि संध्याकाळी कॉम्प्युटर दुरुस्तीच्या क्लासला जायची. मग एकेक सुटा भाग घरी यायला लागला. एकदा तर माझ्या पोळ्यांच्या डब्याशेजारी कसलीशी हिरवी पाटी, वर चंदेरी ठिपके! "मदरबोर्ड आहे, वहिनी, ओला हात लावू नकोस," म्हणाली. आपल्याच स्वयंपाकघरात मला ओल्या हातांची बंदी.

तिला घरबसल्या मराठी अक्षरजुळणीची कामं करायची होती. क्लासच्या टेबलावर सगळे भाग उघडेच जोडून तिने मशीन चालवून दाखवलं, आणि त्या जोरावर पहिलं काम घेतलं. करावे गावातले एक काका, वकिलांकडे जमिनीच्या कागदांसाठी यायचे, त्यांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका. ते घरी नावांचे सात कागद देऊन गेले. "ताय, नावा सगली आली पायजेत. एक जरी राहिला तं भाऊबंद मांडवान पाय ठेवाचं नाय," असं मला आणि तिला दोघींना बजावून गेले. रविवारी सकाळी ते जुळवलेली पत्रिका वाचायला येणार होते. आणि त्याच रविवारी दुपारी मीनाच्या सासरची माणसं तिला न्यायला येणार होती. ह्यांनी तसं पत्र लिहून टाकलं होतं. बहिणीचं बरं व्हावं म्हणूनच लिहिलं होतं, पण तिला न विचारता. तिला कळलं तेव्हा ती रडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "दादा, हे काम माझ्या हातून झालं तर मी जाणार नाही. नाही झालं तर मुकाट्याने बॅग भरीन. मग परत विषय नको."

शनिवारी दुपारी तिने सगळे भाग कॅबिनेटमध्ये, म्हणजे त्या पत्र्याच्या पेटीत, बसवले, स्क्रू आवळले, झाकण लावलं, बटण दाबलं. आतला पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. पडदा काळा. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा फेरा. मी दारात कणकेच्या हातांनी उभी होते आणि माझ्या मनात काय आलं ते आज लिहून टाकते. मला हायसं वाटलं. खिडकीशी पुन्हा आपला दिवाण लावता येईल, असं मला वाटलं. वर मी बोललेही, "जाऊ दे गं मीना. तिकडेही लागेल काहीतरी मार्गी." तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग वही उघडली, पानावर उभी रेघ मारली, एका बाजूला 'काय केलं' लिहिलं, दुसऱ्या बाजूला 'काय झालं', आणि कामाला लागली.

तिचं काम बघायला मी नकळत तिथेच टेकले. एक तार बदलायची, बटण दाबायची, लिहायची. ती तार पुन्हा पहिल्यासारखी, मग दुसरी. रॅमची पट्टी काढली, मुलांच्या खोडरबरने तिची सोनेरी कड घासली, बसवली. नाही. सगळं एकदम का नाही बदलत, म्हणून मी विचारलं. "मग कशाने बिघडलं ते कधीच कळणार नाही. आणि न कळता चालू झालं तर परत बंद पडेल." सहा वाजून गेले. शेवटी तिने अख्खा बोर्डच कॅबिनेटमधून उचलून बाहेर काढला, ह्यांनी अजून न वाचलेला पेपर जमिनीवर पसरला, त्यावर बोर्ड ठेवून तारा जोडल्या आणि बटण दाबलं. पंखा गरगर फिरला, पडद्यावर पांढरी अक्षरं आली. ती ओरडली नाही. स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाली, "अगं, पेपरवर चालतो आणि पत्र्यात चालत नाही. स्क्रू बोर्डाला टेकतायत, वहिनी. करंट पत्र्यात उतरतोय. मध्ये कागदी चकत्या लागतात, लाल रंगाच्या, आणि मी त्या घातल्याच नाहीत!"

चकत्या मिळायच्या मुंबईला. पोचेपर्यंत दुकान बंद. "जाड कागद आहे का गं घरात? पुठ्ठा नको, तो फुगतो. गुळगुळीत हवा." मी माळ्यावर चढले. का चढले? दुपारी मला दिवाण हवा होता. पण चार तास एखाद्याला असं एकेक करून शोधताना पाहिलं की त्याच्या बाजूचं व्हावंच लागतं, निदान मी तरी झाले. ट्रंकेमागे एक सुतळी बांधलेला गठ्ठा हाताला लागला. खाली आणला, सुतळी सोडली. मीनाच्या लग्नाच्या उरलेल्या पत्रिका होत्या त्या. वाटायच्या म्हणून चारी कोपऱ्यांना हळद लावलेली, ती वाळून गडद झाली होती. मी गठ्ठा पाठीमागे लपवला, पण तिने पाहिलंच. तिने हात पुढे केला. एक पत्रिका दोन बोटांत धरून वाकवून बघितली, अगदी कापडाच्या दुकानात पोत बघतात तशी.

"चांगला जाड आहे," ती म्हणाली. "काप."

"मी?"

"तूच. मी स्क्रू मोजते, वहिनी."

मी माझ्या भरतकामाच्या कात्रीने कापत गेले. नाण्यापेक्षा लहान गोल, ह्यांच्या फायलींच्या पंचने मध्ये भोक. छापलेल्या मजकुरावर कात्री घालायचं धाडस होईना म्हणून कोपऱ्यांतूनच कापले, तर प्रत्येक चकतीला हळद आली. त्या पुरून उरतील एवढ्या झाल्या. तिने एकेका स्क्रूखाली एकेक चकती घातली. झाकण लावलं. बटण मात्र मला दाबायला लावलं.

रविवारी करावेचे काका आले, बोट ठेवून सातही कागदांतली नावं ताडून पाहिली आणि म्हणाले, "बराबर हाय. मामाचा नाव मोठा केलास, ता बेस केलास." दुपारी डोंबिवलीची मंडळी आली तेव्हा क्लासमधून मागून आणलेला प्रिंटर खरखरत होता. मीनाने चहा केला, कप हातात दिले आणि आपल्या नवऱ्याला म्हणाली, "मी येत नाही. काम आहे." त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. ह्यांना खूप काही बोलता आलं असतं. ते फक्त म्हणाले, "ती म्हणते तसं." मला माझा नवरा त्या दिवशी फार आवडला.

पुढे दोन वर्षांनी ती करावेत एका गाळ्यात गेली, मग सीवूड्सला स्वतःच्या छोट्या घरात. आसपासच्या किती गावांतल्या लग्नांची नावं तिने जुळवली, देव जाणे. कधी कुणाचं सुटलं नाही. माझा मिक्सर बिघडो, मुलीचं गणित अडो, की माझं आणि सुनेचं बिनसो, फोनवर तिचा पहिला प्रश्न ठरलेला: "शेवटचं काय बदललं होतंस?" मी चिडायचे. आणि मग तेच शोधायचे.

मागच्या आठवड्यात तिचं घर आवरायला गेलो. टेबलाखाली ते जुनं कॅबिनेट होतं, पिवळं पडलेलं. त्यावर ती पाय टेकून बसायची. दोन ठिकाणी रंग उडाला होता. भंगारवाला दारात उभा होता. मी त्याला थांबायला सांगितलं आणि झाकणाचे स्क्रू काढले. चकत्या जिथल्या तिथे होत्या, हळदीसकट. पण मी त्यांच्याकडे नंतर पाहिलं. झाकणाच्या आतल्या बाजूला तिने वहीचं ते पान चिकटवून ठेवलं होतं. तार बदलली, नाही. दुसरी तार, नाही. रॅम पुसली, नाही. बोर्ड पेपरवर, चालू. तासातासाचं सगळं लिहिलेलं, आणि मी 'जाऊ दे गं' म्हणाले होते ते कुठेही नव्हतं. शेवटच्या ओळीत, 'काय केलं' खाली: वहिनीने चकत्या कापल्या. 'काय झालं' खाली: चालू.

"काकी, उचलू का?" भंगारवाल्याने विचारलं.

"नको रे," मी म्हटलं. "चालू आहे ते."